सूचीतून काढलेलं नाव

पहिल्याच भेटीत चेतनाने यशदीपच्या कॉम्प्युटरची पिन उपटली.

मे महिन्यातली दुपार, रायपूरच्या गुढियारी भागातल्या समाज मंडळाची पत्र्याची खोली आणि अख्ख्या खोलीत एकच बोर्ड! मंडळाचे सचिव तुळशीरामकाका यांच्याकडे वडिलांची चिठ्ठी पोहोचवायला ती आली होती. काका जागेवर नव्हते आणि घामाने जीव नकोसा झाला होता. बोर्डात कुठलीशी पिन खोचलेली दिसली, ती तिने काढली, टेबलफॅनची लावली आणि डोळे मिटून वाऱ्यासमोर उभी राहिली. आहाहा...

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही!"

दारात एक उंच, सावळा मुलगा. हातात चहाचा ग्लास, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर.

"हवा खाऊन राहिली," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"अन् माझं मशीन बंद केलं त्याचं काय?"

आता मात्र तिने डोळे उघडले. रायपूर राजधानी झाल्यापासून भोपाळ-नागपूरकडची कितीतरी कुटुंबं बदल्या होऊन इथे आली होती आणि मंडळाचं वधू-वरांचं रजिस्टर तुडुंब भरलं होतं. ती सगळी नावं कॉम्प्युटरवर चढवायचं काम यशदीप करत होता. तो मूळचा भिलाईचा. नोकरीसाठी चौबे कॉलनीत खोली घेऊन राहायचा आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी मंडळासाठी राबायचा.

त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. सहाशे चाळीस नावं जिथल्या तिथे होती, पण प्रमोदिनी नावाची मुलगी शोधली तर पडद्यावर आलं — असं नाव नाही.

"पण ते काय, दिसून तर राहिलं!" चेतनाने पडद्यावरच्या यादीकडे बोट दाखवलं.

"नाव आहे, सूची बिघडली. रजिस्टरच्या मागं सूची राहते ना, कोण कोणत्या पानावर? मशीन तिच्यातच पाहते. सूची चुकली की माणूस आपल्या पानावर बसून राहते, अन् शोधणाऱ्याले वाटते तो नाहीच."

"मग सूची चुकली हे मशीनले नाही समजत?"

यशदीप तिच्याकडे बघतच राहिला. तीन आठवड्यांत एकाही शहाण्याने हा प्रश्न विचारला नव्हता!

"तेच बनवून राहिलो मी. तपासणी. सूची बिघडली की तिनं ओरडलं पाहिजे. पण ती खरंच ओरडते का, हे पाहायले कोणीतरी मुद्दाम बिघडवून देणारं पाहिजे..."

"मी देऊ?" तिनेही कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात सकाळी पेशंटच्या नोंदी करायची.

"बिघडवता येते तुम्हाले," तो गंभीरपणे म्हणाला, "ते तर पाहिलंच मी."

आणि असा तो खेळ सुरू झाला. रोज संध्याकाळी तो मूळ यादीची एक नक्कल काढायचा आणि टपरीवर चहा प्यायला जायचा. तेवढ्यात चेतना नकलेची सूची कुठेतरी मोडून ठेवायची. परत आला की तो तपासणी चालवायचा. ती ओरडली की त्याची जीत, गप्प बसली की तिची. मग नक्कल पुसून टाकायची.

पहिले आठ दिवस तोच जिंकला. नवव्या दिवशी मात्र त्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं.

"एक विचारू? रोज माझंच नाव काहून गायब करता?"

"तुमचं नाव कुठं आहे यात?" ती साळसूदपणे म्हणाली.

"आईनं टाकलं न. वधू-वर मेळाव्यासाठी."

"हव का? मले नाही माहीत..."

तिला चांगलंच माहीत होतं. कोणत्या मुली त्याला शोभतील, हेही तिने यादीत गुपचूप पाहून ठेवलं होतं आणि पाहून जेवण गेलं नव्हतं. सांगणार कोणाला? तिला तो आवडला होता, भारी आवडला होता. आणि मेळावा आठ दिवसांवर आला होता.

शनिवारी तिने खरी शक्कल लढवली. त्याची तपासणी नुसती मोजते, हे तिच्या लक्षात आलं होतं — यादीत किती, सूचीत किती. मग तिने त्याचं नाव सूचीतून काढलं आणि त्या जागी चारुदत्त नावाच्या एका मुलाचं नाव दुसऱ्यांदा बसवलं. बेरीज तेवढीच! तपासणी मुकाट्याने म्हणाली — सगळं ठीक.

"मानलं बुवा!" तिने शक्कल सांगताच यशदीप इतका खूश झाला, जणू तोच जिंकला होता. "आता एकेक नाव घेऊन सूचीले विचारावं लागन. करतो मी येत्या हप्त्यात."

त्याने नक्कल पुसली आणि दोघं हसत बाहेर पडली. फक्त त्या दिवशी, त्याची चाहूल लागताच उडालेल्या घाईत, चेतनाचा हात नकलेऐवजी मूळ यादीवर चालला होता. तिला ते कळलंच नाही.

कळलं ते मेळाव्यात. विहाराच्या हॉलमध्ये सगळा समाज जमलेला, मशीनमधल्या सूचीवरून छापलेली परिचय-पुस्तिका ज्याच्या त्याच्या हातात. भिलाईहून आलेल्या सत्यभामाबाईंनी ती दोनदा चाळली आणि ताडकन उठल्या.

"तुळशीरामभाऊ, माझ्या यशदीपचं नाव काहून नाही यात?"

चेतनाला शनिवारची ती घाई आठवली.

काकांनी पुस्तिका उलटीपालटी केली. त्यांचा चेहरा लाल झाला. "आपलं रजिस्टर काय वाईट होतं? हे मशीन तर माणसंच हरवून राहिलं! उद्यापासून बंद. यशदीप, तुले एक काम सांगितलं..."

"चूक माझी आहे, काका," यशदीप खाली मान घालून म्हणाला.

त्याचं महिनाभराचं काम आणि त्याचा शब्द, दोन्ही भर सभेत मातीमोल होत होतं. तिसऱ्या रांगेत चेतनाचे वडील, गंगाधर, बसले होते. तरी ती उठली.

"यांची चूक नाही. नाव मी काढलं. नकलेवर काढायचं होतं, चुकून खऱ्या यादीवर हात गेला."

"अन् बरोबर माझ्याच पोराचं?" सत्यभामाबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "तेही चुकून?"

हो म्हणाली असती तर सुटली असती. तिने वडिलांकडे पाहिलं, मग यशदीपकडे पाहिलं.

"नाही, काकू... ते चुकून नाही. यांले या पुस्तकातून कोणी शोधून नेऊ नये, असं वाटे मले."

यशदीपने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काका, मशीन बंद नका करू," तो हळूच म्हणाला. "नव्या तपासणीनं पकडलं होतं. गुरुवारीच."

चेतना गर्रकन वळली. "गुरुवारी? मग परत काहून नाही टाकलं?"

"चारुदत्तचं दोनदा आलं होतं, ते नीट केलं. माझं पण करणार होतो..." त्याचे कान लाल झाले. "मग वाटलं, हे तुम्ही मुद्दाम केलं. अन् मुद्दाम केलं असन तर... मले तसंच पाहिजे होतं."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सत्यभामाबाईंनी पुस्तिका मिटून पिशवीत टाकली, पदर सावरला आणि सरळ तिसऱ्या रांगेत जाऊन गंगाधररावांशेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"जय भीम, भाऊ. पोट्टी तुमचीच न? मग पुस्तकात काय पाहता आता... सांगा, घरी कधी येऊ?"