जुन्या व्हॅनची पुढची काच

फुलंब्रीच्या अलीकडे मक्याच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली आणि आमच्या व्हॅनच्या पुढच्या काचेवर टक् करून आपटली. तेव्हा हरभऱ्याएवढाच डाग पडला होता. आठवडाभरात त्याला पाय फुटले. एक भेग वायपरपर्यंत उतरली, दुसरी थेट ड्रायव्हरच्या नजरेसमोरून आडवी गेली.

माझी शहरातल्या उस्मानपुऱ्यात लहानशी पॅथॉलॉजी लॅब आहे. सिल्लोड आणि देवगाव रंगारीकडच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने आणायला ही व्हॅन लागते. गाडी मी घेतली तेव्हाच दोन मालकांच्या हाताखालून आलेली. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे काचेचं काही मिळणार नव्हतं. त्यात आरटीओचं पासिंग तोंडावर, आणि तडकलेल्या काचेनं पासिंग होत नाही. नव्या काचेचा भाव ऐकून कडूबा म्हणाले, "ताई, यवढ्यात तं अर्धी गाडी येती. जिन्सीत चला. भंगारात चांगली काच गावती."

कडूबा माझे ड्रायव्हर. सिल्लोडकडचे, पन्नाशी उलटलेले, बोलणं कमी.

जिन्सीतल्या शफीभाईंच्या दुकानात काचा भिंतीला टेकवून उभ्या होत्या. आमच्या मॉडेलची एकच निघाली. मी ती उजेडात धरायला लावली. कडा शाबूत होत्या, वायपरचे ओरखडेसुद्धा जवळजवळ नव्हते.

"ये गाडी ठुकी नई मॅडम," शफीभाई म्हणाले. "खडे-खडे कबाड में आई."

त्यांनी काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत दोरी घातली, हाताखालच्या पोराला काच बाहेरून दाबून धरायला लावली आणि आतून दोरी ओढत गेले. तसं रबर अलगद चौकटीच्या पत्र्यावर चढत गेलं. नंतर पाण्याची बादली ओतून पाहिली. थेंबही आत आला नाही. स्वस्तात काम झालं म्हणून मी खूश होते.

एप्रिल होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सिल्लोडला निघालो. मी पुढे बसले होते, मांडीवर नमुन्यांचा गार डबा. आळंद मागे पडलं आणि माझ्या हातावर पानांची सावली पडली. हलती, दाट सावली. हातावरून ती डब्यावर गेली, कडूबांच्या खांद्यावर गेली, मग पुढची आली.

मी बाहेर पाहिलं. रस्ता रुंद केला तेव्हा तिथली झाडं तोडली होती. दोन्ही बाजूंना सिमेंट, मातीचे ढीग आणि पांढरं आभाळ. काचेतूनही तेच दिसत होतं. झाड एकही नाही, पण सावली आत येत होती.

"गार वाटतंय नव्हं?" कडूबा म्हणाले.

डब्यातला थर्मामीटर काढून मी डॅशबोर्डवर ठेवला. सावली आली की पारा उतरत होता, गेली की चढत होता.

"हितं वड व्हते," थोड्या वेळानं ते म्हणाले. "दोन्ही अंगांनी."

काचेत काहीतरी दोष असेल, असं मी ठरवलं. जुनी काच आहे, उजेड वाकडातिकडा येत असेल. पारा का उतरतो, ते मात्र यातून सुटत नव्हतं. त्याचा विचार मी बाजूला ठेवला. कामं होती.

पुढच्या आठवड्यात देवगाव रंगारीला दवाखान्यासमोर गाडी उभी होती. मी बाटल्यांवर नावं लिहीत होते. कागदावर अंधारलं. एका डोक्याची सावली माझ्या मांडीवर पडली होती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उघडे तळवे. काचेला नाक लावून आत बघताना माणूस डोळ्यांच्या कडेला हात लावतो, तसे.

मी वर पाहिलं. समोर चहाची टपरी, एक उभी मोटारसायकल. काचेपाशी कोणी नव्हतं.

सावली माझ्यावरून कडूबांच्या सीटकडे सरकली. तिथे थांबली. मग मागच्या सीटवर गेली. कोणाला तरी शोधत असावी, तशी. कानांच्या खाली दोन आखूड वेण्यांची टोकं मला स्पष्ट दिसली. एवढ्या लहान पोरीला काचेपर्यंत पोचायला बंपरवर चढावं लागलं असतं. गाडी जरासुद्धा हलली नव्हती.

कडूबा चहा घेऊन आले. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमालाबी दिसलं का?"

"तुम्हाला कधीपासून दिसतंय?"

"काच बसवल्यापसून. थांबलो की येतं. बघून जातं. करत काय नाय."

त्यानंतर ते गाडी भिंतीला तोंड लावून उभी करू लागले. भिंत आणि बंपर यांच्यात हात जाईल एवढीही जागा नसे. तरी सावली येऊन वाकायची, दोन्ही सीटा बघायची आणि जायची. मी शफीभाईंकडे काच बदलून मागितली. "दूसरा पीस नई मॅडम," ते म्हणाले. पासिंग होऊ दे, मग बघू, असं मी मनाशी म्हटलं.

मे महिन्यात कडूबांनी त्यांच्या आत्याला लॅबवर आणलं. साळूबाई. ऐंशीच्या पुढच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजेड आणि अंधार, एवढंच त्यांना कळायचं. महिन्याभरापासून जेवण तोडलं होतं. रक्त तपासलं तर इतकं कमी, की या बाई चालत आत कशा आल्या याचं मला नवल वाटलं. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, भरती करा. साळूबाईंनी साफ नकार दिला.

"मला घरीच राहू द्या. लई जगले."

शेवटी औषधं लिहून दिली. महिन्यानं रक्त वाढलं नाही तर भरती करायचंच, असं कडूबांनी कबूल केलं. त्याच दुपारी आम्हाला सिल्लोडला जायचं होतं. साळूबाईंचं गाव वाटेवरच होतं. मागं बसलं की त्यांना मळमळायचं, म्हणून त्यांना पुढं बसवलं आणि मी मागे बसले.

आळंदच्या पुढे मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. कडूबांनी गाडी थांबवली.

ऊन आमच्या पाठीशी होतं. सावली पुढून आली.

ती साळूबाईंच्या लुगड्यावर पडली, मग चेहऱ्यावर. त्यांनी मान वर केली.

"कोन वाकलंय?"

"कुनी नाय, आत्या," कडूबा म्हणाले.

"हाय की. काचंला टेकलंय."

सावली या वेळी पुढे सरकली नाही. साळूबाईंच्या चेहऱ्यावरच थांबली. त्यांचे ओठ हलू लागले. पांढुरक्या डोळ्यांनी त्या काचेकडे बघत होत्या.

"सारजे," त्या म्हणाल्या. "अगं, मी हाय. साळी."

कळप निघून गेला होता. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. कडूबांचा हात गिअरवर तसाच होता.

सावली काचेवरून बाजूला झाली आणि डावीकडच्या दाराकडे गेली.

साळूबाईंनी लुगडं गोळा केलं आणि कडूबांच्या बाजूला सरकल्या.

दार उघडलं नाही. पण त्यांच्या शेजारी सीटचा स्पंज हळूच दबला. मला मागून ते दिसलं.

"चल बाबा," साळूबाई कडूबांना म्हणाल्या.

पुढचा सगळा रस्ता त्या हसत, हळू आवाजात बोलत होत्या. गाव आलं. कडूबांनी त्यांना उतरवून घेतलं. घराकडे जाताना त्यांचा डावा हात अंगापासून थोडा लांब होता. लहान पोराचं बोट धरून चालताना असतो, तसा.

परतताना मी विचारलं, "सारजा कोण?"

कडूबांनी समोरून येणाऱ्या ट्रकला वाट दिली. मग म्हणाले, "धाकली बहीण आत्याची. निजामावरल्या पोलीस ॲक्शनच्या फुडच्या उन्हाळ्यात दोघी ह्या रस्त्यानं पायी चालल्या व्हत्या. सारजाला वडाखाली बसवलं आन् आत्या पानी आनाया गेली. परत आली तं कुनीच नाय. लई हुडकलं म्हनं."

मी हिशोब करून पाहिला. ही काच कारखान्यातून निघाली त्याच्या पन्नासेक वर्षं आधीची ती गोष्ट. त्या पोरीचा आणि या काचेचा संबंध मला कुठूनही लावता आला नाही. आजही येत नाही.

त्या दिवसानंतर काच साध्या काचेसारखी झाली. आळंदच्या पुढे ऊन तोंडावर येऊ लागलं, सीट तापू लागली. गाडी थांबली तरी कोणी वाकेना. पासिंगही पार पडलं. काच बदलायचं कारण उरलं नाही.

महिना झाल्यावर साळूबाईंचं रक्त घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. दारात त्यांच्या सूनबाई, द्वारकाबाई भेटल्या.

"आता खातात का?" मी विचारलं.

"खात्यात?" द्वारकाबाईंनी आवाज खाली आणला. "दोन ताटं वाढाय लावत्यात. दोन्ही साफ व्हत्यात. आन् सगळा दिस त्या अंगनात बसत्यात, भर उनात. आत या म्हनलं तं म्हनत्यात, सावली हाय की."

अंगण उघडं होतं. झाड नव्हतं, मांडव नव्हता. पत्र्याची सावली पायरीपाशीच संपत होती. मध्ये पोतं अंथरून साळूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर पानांची दाट सावली हलत होती. वारा नव्हता.

मी जवळ गेले. त्या सावलीत खरंच गारवा होता. साळूबाईंची पापणी ओढून पाहिली. आतून छान लाल. महिन्यापूर्वी ती कागदासारखी पांढरी होती.

"बरं वाटतंय ना, आजी?"

"लई बरं हाय, माय."

त्यांनी हात पुढं केला. मी पट्टा बांधला, मूठ मिटायला सांगितली, शीर शोधली, सुई घातली. नळीत रक्त चढलं. कापसाचा बोळा लावून मी त्यांचा हात कोपरात दुमडला.

"हिचंबी घ्या की," साळूबाई म्हणाल्या. "लई दिसांची उपाशी व्हती."

मी पोत्यावर पाहिलं. साळूबाईंच्या पलीकडून, पानांच्या सावलीत, एका बारीक हाताची सावली माझ्याकडे लांब झाली होती. कोपरापर्यंत बाही वर सरकवलेली.

मी अजून काही बोलले नव्हते. तिनं मूठ मिटली.