कलिंगडाचा वास

विषबाधा केंद्रात दुपारी माझं काम ठरलेलं. सकाळी ज्यांनी फोन केला, त्यांना परत फोन करून मूल कसं आहे ते विचारायचं. पूर्वी बहुतेक फोन गोळ्या नि साबणाचे असायचे. हल्ली वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या निकोटीनवाल्या रसाचे फार. गोड वासाला पोरं भुलतात.

त्या दिवशी बाहेर डुलुथ गाव बर्फाखाली गप्प झालं होतं. हीटर कुरकुरत होता. तीन नंबरच्या लाइनचा दिवा लागला.

म्हातारीचा घोगरा, दबका आवाज.

"सिग्नेनं कलिंगडाच्या वासाची बाटली तोंडाला लावली... दोन वर्षांची आहे गं..."

"आजी, पत्ता सांगा!"

फोन तुटला. मी दचकून कॉफी सांडली.

शेजारच्या टेबलावरची ओडेट हसली. "अगं ससुल्ये, नंबर दिसतोय ना? लाव परत."

लावला. एका तरुण बाईनं उचलला.

"विषबाधा केंद्र? मी नाही बाई फोन केला. घरात मी आणि सिग्ने, दोघीच. ती आत कार्टून बघतेय."

"एकदा बघून याल?"

"अहो, आत्ता बघितलं तिला! थट्टा चाललीय का?"

पण फोन ठेवायचा नाही, एवढं मी ठरवलं.

"शिव्या द्या मला. पण आधी उठा."

खुर्ची सरकली. पावलं... आणि किंकाळी.

सिग्ने डायपरच्या बॅगेत उचकापाचक करत होती, तिच्या आईनं धापा टाकत सांगितलं. बाटलीचं झाकण उघडलेलं, बाटली ओठांपाशी. अजून थेंबही आत गेला नव्हता.

"मीच ठेवली होती... हाताशी असावी म्हणून," ती रडत म्हणाली.

हात-तोंड धुवायला, बाटली कुलपात ठेवायला सांगितलं. तासाभरानं परत फोन केला, तेव्हा मागे सिग्ने खिदळत होती.

"पण तुम्हाला कळवलं कुणी?" तिनं विचारलं. मी 'काळजी घ्या' म्हणून फोन ठेवला.

"मिटलं ना? चल, नवी कॉफी घे," ओडेट म्हणाली.

मी हेडफोन काढला. त्याला कलिंगडाचा वास येत होता.

तेवढ्यात तीन नंबरचा दिवा लागला. पडद्यावर नंबर होता आमच्याच केंद्राचा. यावर परत लावून काही उपयोग नव्हता; मी स्पीकर चालू केला.

"आता पलीकडच्या घरात..." तोच घोगरा आवाज.

ओडेटचा कप हवेतच थांबला. मी पेन घट्ट धरलं.

"आजी, फोन ठेवू नका. या वेळी आधी पत्ता सांगा."