आडनावाच्या रकान्यात सावली

"छत्रीत यायचं तर या, पण अर्धे उन्हात राहाल. छोटी आहे."

पहिलं वाक्य तिचं. मी तिच्या मागे रांगेत घामाने निथळत उभा होतो. ब्राझीलमधल्या बोआ व्हिस्ताचं ऊन, सकाळचे नऊ, आणि स्थलांतर कचेरीची रांग पार आंब्याच्या झाडापर्यंत.

"अहोजाहो नको," मी म्हटलं. "मी एलेआसार. मातुरीनचा."

"नोराइमा."

"रोराइमा राज्यात नोराइमा?"

"हा विनोद आजचा सहावा." ती हसली नाही. पण छत्री माझ्याकडे जरा कलली… मी पाहिलं ते.

व्हेनेझुएला सोडून ती एकटीच आली होती. मीही. आमच्यासारख्यांकडे जुने कागद धड नसतात, त्यामुळे फॉर्मवर आपण लिहू तेच नाव सरकारी कागदावर चढतं. फॉर्म ब्राझीलच्या भाषेत, पोर्तुगीजमध्ये. सोबत सरकारनेच छापलेलं आमच्या स्पॅनिशमधलं माहितीपत्रक. त्यात लिहिलेलं: 'सोब्रेनोमे', म्हणजे टोपणनाव.

"टोपणनाव कशाला हवंय यांना?" ती पुटपुटली.

मी चार नंबरच्या खिडकीत जाऊन विचारलं. आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पत्रकात आहे तसं भरा."

मी भरलं. 'फ्लाको'. म्हणजे काडीपैलवान. लहानपणापासून तेच.

नोराइमाचं पेन मात्र हवेतच.

"काय झालं?"

"मला टोपणनाव नाहीये."

"असं कसं? घरी काय म्हणायचे?"

"मावशीकडे वाढले. ती 'ए' म्हणायची." ती हे हसत म्हणाली. "रकाना रिकामा ठेवला तर परत पाठवतात रे. दे ना काहीतरी. पटकन."

मी तिच्याकडे पाहिलं. छत्री, छत्रीखाली तिचा चेहरा, नाकावर घामाचा एकच थेंब…

"सोम्ब्रिता," मी म्हटलं. इवलीशी सावली.

तिने ते लिहिलं. हळू, एकेक अक्षर, जणू शाळेतली वही.

पुढचे सहा आठवडे आमचे छावणीत गेले. जेवणाची रांग, पाण्याची रांग, रांगेत ती पुढे आणि मी मागे. दोघांनीही दक्षिणेतल्या चिकनच्या फॅक्टरीतलं काम मागितलेलं. सरकारी विमान तिथवर फुकट नेतं. आणि एक दिवस यादी लागली… दोघांचीही नावं, एकच विमान!

त्याच दिवशी कागद हातात आले. नोराइमा सोम्ब्रिता. एलेआसार फ्लाको.

तेव्हा कुणीतरी सांगितलं, की इथे सोब्रेनोमे म्हणजे आडनाव. टोपणनाव नव्हेच. पत्रकच चुकलेलं. अर्ध्या छावणीची आडनावं बोका, टकलू, बटाटा अशी झालेली. आम्ही पोट धरून हसलो.

दोन नंबरच्या खिडकीने आमचं हसणं बंद केलं. "दुरुस्त करून घ्या. चुकीच्या नावावर विमानात बसू देणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी पहाटेपासून रांगेत; ती म्हणाली, मागून येते. माझं काम झालं: एलेआसार मार्कानो, माझं खरं आडनाव. नोराइमा संध्याकाळी म्हणाली, "माझा नंबर येईपर्यंत खिडकी बंद झाली."

मला रात्रभर झोप नाही. ती राहणार आणि मी जाणार… मी ठरवूनच टाकलं, तिला बसू दिलं नाही तर मीही बसणार नाही.

विमानतळाच्या बसपाशी अधिकारी यादी वाचत होता.

"सोम्ब्रिता!"

तिने कागद दाखवला. जुळला. चढली.

"फ्लाको!"

"मी." मी कागद दिला.

"यावर मार्कानो आहे."

"साहेब, तुमच्याच दोन नंबरच्या खिडकीने सांगितलं, दुरुस्त करा म्हणून."

"यादी जुन्या नावांची आहे. खिडकीने चुकीचं सांगितलं असेल."

"मग आता?"

"नवीन अर्ज. पुढचा!"

नोराइमा पायरीवर आली. "मी उतरते."

"वेडी आहेस का? काम मिळालंय. जा."

"फ्लाको…"

"जा ना गं!"

मी ओरडलोच तिच्यावर. तिने छत्री माझ्या हातात दिली. दार लागलं. मग खूप वेळ मी छत्री न उघडता उन्हात उभा होतो.

याला चार महिने झाले. मी त्याच रांगेत आहे. चार नंबरवाल्या म्हणतात, नव्याने नाव नोंदव. दोन नंबरवाले म्हणतात, नोंदवलंस तर जुनं रद्द. कचेरीत फोन लावला तर गाणं वाजतं.

आज सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला मोबाईलवर.

"इथे सगळ्यांना आडनावाने हाक मारतात. माईकवरून! सोम्ब्रिता, तीन नंबरला या. अख्खी फॅक्टरी… ऐक, इथल्या कचेरीतले म्हणतात, आडनाव दुरुस्त करून देतो. करू? आणि एक सांगायचंय. त्या दिवशी खिडकी बंद झालीच नव्हती. मी रांगेत उभीच नव्हते राहिले. कुणीतरी पहिल्यांदाच नाव दिलेलं… मला ते खोडायचं नव्हतं."

मी लिहिलं: 'नको करू. मला फार आवडतं ते नाव.'

लगेच उत्तर. 'फक्त नाव?'

अंगठा थांबला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

'नाही. तू. पहिल्या दिवसापासून.'

पाठवलं. निळी खूण उमटली नाही. तिची शिफ्ट सुरू झाली असणार.

"ओ, पुढे सरका की," मागच्या बाई म्हणाल्या. "आणि छत्री नीट धरा. अर्धे उन्हात आहात तुम्ही!"

"सवय आहे," मी म्हटलं.