मिठाच्या गोलातली फट

हे खोटं वाटत असंल तर बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यावर या. वावर दाखवतो. पन आत मी येनार नाही, आधीच सांगून ठेवतो.

रात्र-बित्र काही नव्हती बरं. गेल्या चैतातली भर दुपार होती.

आमचे जुने लोक समुद्राकाठून बैलांवर मीठ आनत. मुक्काम पडला की मिठाच्या गोन्या गोल रचायच्या आन आत झोपायचं. शेवटचा मानूस आत आल्याशिवाय गोल बंद करायचा नाही. एकदा पानी पाहाले गेलेला एक जन भायेरच राह्यला, म्हनतात. त्याच मुक्कामावर पुढं तांडा वसला. गोलाची जागा माह्या वावरात आली. म्हनून त्याच्यासाठी तिथल्या कुंपनाले फाटक सोडून आनखी एक फट ठेवतात.

मी रानडुकरांनी वैतागलो होतो. म्हटलं, खड्ड्यात गेली ती फट. आतून तार आवळून टाकली. संग माही राखी होती, सहा वर्साची.

"चाल, घरी जाऊ."

फाटकाकडे गेलो...

फाटक नव्हतं.

सारं कुंपन फिरलो. नुसती तार. चढाले गेलो तर तार मांगं सरके. एक पाखरू बोलत नव्हतं. ओठ खारट लागले.

मंग भायेरून... टन... टन...

बैलाची घंटी. बैल मात्र कुठंच नाही.

"बाबा, तो भायेर उभा हाय. त्याले आत घ्या ना."

"कोन वं?"

"तहानला हाय तो."

राखीले छातीशी धरलं आन जीव तोडून ओरडलो. माह्यं काहीबी होवो, लेकरू भायेर निंघालं पायजे!

शेजारच्या वावरातला पूनमसिंग काका पळत आला. "अबे, फट बुजवली काहून? मले इचारायचं तरी!"

त्यानं भायेरून तार तोडली. आम्ही निंघायच्या आधी... कोनीतरी माह्या खांद्याले घासून आत गेलं.

घंटी थांबली. राखी भायेर आली. मांगून मी निंघालो आन तिथंच बसून रडलो.

फट आता उघडीच हाय.

पन रोज दिवेलागनीले राखी म्हनते, "बाबा, दार लावा. सारे आत आले."

घरात आम्ही तिघंच. मी, बायको ममता आन राखी. राखी पान्याचे चार गिलास भरते. म्या रागावून पाह्यलं, दार उघडं ठेवून पाह्यलं. ती झोपतच नाही.

मंग लावतो कडी. करू काय?

सकाळी चौथा गिलास रिकामा असते... काठावर मीठ.

आन कडी आतूनच लागलेली.