वेलींच्या खोलीतला पंखा

मी चौतीस वर्षे शाळेत शिकवलं. न पाहिलेली गोष्ट मुलांना पाहिली म्हणून कधी सांगितली नाही. आयुष्यात एकच मोठं खोटं बोललो, आणि तेही या हकिकतीत आहे. म्हणून ही खरी धरा.

साल १९४५. एप्रिल महिना. सांगलीजवळचं कुपवाड तेव्हा लहान गाव होतं. वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारची.

माझा धाकटा भाऊ लालासाहेब पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. तो जाण्याआधी विहीर आटली, पानमळा जळाला. उरलेल्या पानवेलींचे तुकडे त्यानं कुंड्यांत लावून कडब्याच्या खोलीत ठेवले. उजेडासाठी छपरात दोन काचा बसवल्या. आईला म्हणाला, एवढ्या जगव, आल्यावर मळा परत उभा करतो.

आई त्या खोलीत कुणाला पायताण घालून जाऊ देत नसे. पानमळ्याचा नियमच तो.

पण कोंडलेल्या हवेनं पानांवर काळे डाग पडू लागले. गावात वीज नव्हती. मी सिद्धू लोहाराकडे भट्टीचा हातपंखा मागितला. तो हसला.

"गुरुजी, पानं वाढवायची हायती का भाजायची?"

त्या पंख्याचा वारा एकाच जागी जोरात लागतो, कोवळा शेंडा सुकतो. सिद्धूनं धान्य उफणायचा मोठा पंखा दिला. तो आम्ही वरच्या झरोक्यात, बाहेर तोंड करून बसवला. समोरच्या भिंतीला जमिनीलगत भोक पाडलं. ताजी हवा खालून आत, कोंदट हवा वरून बाहेर. पट्टा लावून फिरवायची मूठ खाली, छातीच्या उंचीला आणली.

हवा बरोबर फिरते का, हे पाहायला खालच्या भोकाशी उदबत्ती लावायची. वारा दिसत नाही, धूर दिसतो. शाळेतल्या मुलांनाही मी ते आणून दाखवलं.

आठ दिवसांत नवी पानं फुटली.

नवव्या दिवशी तार आली.

गावातल्या साऱ्यांच्या तारा मीच वाचून द्यायचो. आईला अक्षर येत नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहिली. मी तार वाचली.

लालासाहेब कामी आला होता.

मी म्हणालो, "खुशाल आहे. रजा मिळाली की येतो."

आईनं आळीत गूळ वाटला.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. तारेची घडी खिशात ठेवली आणि शाळेत गेलो.

चौथ्या दिवशी दुपारी घरी आलो. आई सोप्यात गहू निवडत होती. घरात आणखी कुणी नव्हतं.

वेलींच्या खोलीतून आवाज येत होता...

कर्र... कर्र... कर्र...

पंखा फिरत होता.

कोण आहे आत, असं मी विचारलं.

"हळू बोल रं," आई म्हणाली. "आत्ताच आलाय."

दाराबाहेर पायताण नव्हतं. मी माझं काढलं. आत गेलो.

आवाज थांबला... मूठ सावकाश फिरून उभी राहिली.

खोलीत फक्त वेली.

हात सवयीनं उदबत्तीकडे गेला. खालच्या भोकाशी लावली. पंखा बंद. धूर सरळ वर जायला हवा होता.

तो जमिनीलगत आडवा सरकला... मुठीखाली पोचला...

आणि दुभंगला.

दोन्ही बाजूंनी वर चढला. डोक्याएवढ्या उंचीवर पुन्हा एक झाला. मधे माणसाएवढी जागा रिकामी राहिली. धूर तिच्यात शिरत नव्हता.

भीती वाटली, असंही म्हणवत नाही. मी नुसता पाहत होतो.

आई मागे येऊन उभी होती. तिनं धुराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लालासायेब म्हनतोय," ती म्हणाली, "दादाला म्हनावं, तार परत वाच. नीट वाच."

मी खिशातून तार काढली. वाचली. जशी होती तशी.

तिनं ऐकून घेतलं. मग वाकून एका कुंडीतलं पिकलं पान खुडलं.

"म्हंजी आता मळा तुलाच लावाय लागंल."

पावसाळ्यात वेली शेतात लावल्या. एकही मेली नाही. पंखा सिद्धूला परत केला. आई पुढे अठरा वर्षं जगली. त्या दुपारी तिनं ते कसं ऐकलं, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आजही देवापुढे उदबत्ती लावली की मी तोंड फिरवतो. धूर सरळ जातो का, ते नातीला बघायला सांगतो. ती रोज सांगते, "सरळ जातोय, आजोबा."

गेल्या गुरुवारी ती काहीच बोलली नाही...

मीही विचारलं नाही.