उचललेला भंडारा

टायग्रिस नदीवर अजून पुरते उजाडले नव्हते. तीन अंगांनी नदीने वेढलेले आणि चौथ्या अंगाने तुर्कांच्या मोर्चांनी कोंडलेले कूत-अल-अमारा हे मातीच्या घरांचे गाव धुक्यातून सावकाश वर येत होते. आधी खजुरांचे शेंडे दिसले, मग मशिदीचा मिनार, मग खंदकाच्या कडेने रचलेली वाळूची पोती, आणि शेवटी त्या पोत्यांना टेकून उभे असलेले मराठा पलटणीचे शिपाई, ज्यांच्या अंगावरचे खाकी कोट आता खुंटीला टांगल्यासारखे लोंबत होते. सन एकोणीसशे सोळाचा चैत्र चालू होता. पुण्याची सहावी डिव्हिजन चंपाषष्ठीच्या सुमारास या गावात अडकली, तिला आता पाचवा महिना लागला होता. सोडवायला निघालेल्या फौजेच्या तोफा नदीच्या खालच्या अंगाला रोज गडगडत. पण जवळ काही येत नव्हत्या.

सुभेदार येसबा मरळ पहाटेची फेरी घेत खंदकातून चालले होते. भोरच्या डोंगरातल्या साखरमाचीचा हा गडी; वय पंचेचाळीस, छातीवर दोन पदके, आणि कमरपट्ट्याच्या आत खोचलेली, हळदीने पिवळी पडलेली एक लहानशी थैली. त्या थैलीत गावच्या खंडोबाचा भंडारा होता. तुर्कांच्या गोळीला न भिणारा हा माणूस त्या चिमूटभर हळदीला मात्र भीत होता.

त्याचे असे झाले होते. गेल्या भाद्रपदात पलटणीसाठी कुमक न्यायला येसबा गावी आले, तेव्हा साखरमाचीतले तेरा तरुण, काही रजेवर आलेले शिपाई तर काही नवे, त्यांच्याबरोबर निघाले. पण आया काही त्यांना सोडीनात. मरणाचे भय होतेच, त्याहून मोठे भय होते ते बाटण्याचे. सरकार परमुलखात काय खाऊ घालील, याचा नेम काय? तेव्हा येसबांनी देवळात, खंडोबाच्या पितळी घोड्यासमोर भंडारा उचलला आणि भरल्या सभामंडपात शब्द दिला, "तुमच्या एकाही लेकाच्या तोंडी निषिद्ध घास जाऊ देणार नाही." भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला, तर देवाचा कोप शब्द देणाऱ्याच्या घरावर उतरतो, हे साखरमाचीत कोणाला सांगावे लागत नसे. त्या तेरांमध्ये एक येसबांचा सख्खा जावई होता, नाईक हैबती शेडगे. निघताना येसबांची लेक चिमा पोटुशी होती.

आणि आता या वेढ्यात धान्य संपत आले होते. माणशी मूठभर जवाचे पीठ मिळे. खोगीर उतरवून तोफखान्याचे घोडे आणि खेचरे रोज कापली जात होती आणि गोरे शिपाई ते मांस खाऊन तग धरून होते. हिंदी शिपायांसाठी देशातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी यंत्रावरून आली, ती कंपनीपुढे वाचून दाखवण्यात आली. एकही मराठा पुढे झाला नाही. घोडा म्हणजे साक्षात खंडेरायाचे वाहन. ते ताटात कसे घ्यायचे?

"सुभेदारसाहेब," कप्तानसाहेब त्या दिवशी म्हणाले होते, "कंपनी तुमच्या शब्दावर चालते. आपण हुकूम करावा."

"हुजूर, हुकमाने माणूस गोळीपुढे जातो. हुकमाने घास गिळत नाही." येसबांनी सलाम ठोकून उत्तर दिले होते, आणि मनातून, खरे सांगायचे तर, त्यांना अभिमान वाटला होता. आपली पोरे धर्माला किती पक्की! आपण भंडारा उचलला नसता तरीही ती हलली नसती, असे ते स्वतःला सांगत राहिले. कोणी तरी त्यांच्या खांद्याला धरून हलवायला हवे होते. पण सुभेदाराच्या खांद्याला हात लावणार कोण?

खंदकाच्या वळणावर हैबती पहाऱ्याला उभा होता. कवायतीत तो सासऱ्याला सुभेदारसाहेब म्हणे. आजूबाजूला कोणी नसले की मामा. येसबांनी नेहमीप्रमाणे आपली अर्धी भाकरी कोटाच्या खिशातून काढून त्याच्या हातात ठेवली. घरच्या पंगतीत जावयाने पहिला घास घेतल्याशिवाय सासऱ्याने ताटाला हात लावायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. येसबांनी ती इथेही सोडली नव्हती.

"हैबतराव, घ्या. तुमच्या आधी आम्ही कसं जेवायचं?"

"मामा, तुमी तर माझ्या मागंबी जेवत न्हाई." हैबती हसला. हिरड्यांतून रक्त येत होते. मग तो हळूच म्हणाला, "चिमा आता बाळंत झाली आसंल, न्हाई?"

"झाली असेल. देव सांभाळील."

"एक इचारू? भंडाऱ्याचा शबूद मोडला, तर तो कोप निसता मोडनाऱ्यावर येतो, का लेकराबाळांवरबी?"

"घरादारावर येतो, हैबतराव. म्हणून तर तो जपायचा." येसबा सहज बोलून गेले आणि पुढे चालू लागले. मागे हैबतीने ती अर्धी भाकरी शेजारच्या आजारी गड्याकडे सरकवली, हे त्यांना दिसले नाही.

पुढच्या सात दिवसांत तेरांपैकी दोघे गेले. एकाने खंदकामागचा कसलासा पाला शिजवून खाल्ला होता. दुसरा पहाऱ्यावर बसल्या जागी निपचित पडला. येसबांनी दोघांच्या कपाळी भंडारा लावला, पण तरीही शब्द मागे घेतो असे काही त्यांच्या तोंडून निघाले नाही. आठव्या दिवशी सकाळी त्या तेरांपैकीच एक, हवालदार विठू खुटवड, धापा टाकत आला. हैबती कोसळला होता.

बाजारपेठेच्या छपराखाली इस्पितळ केले होते. जमिनीवर ओळीने माणसे पडलेली. हैबतीच्या पायांवर सूज होती आणि चेहरा इतका बारीक झाला होता, की येसबा क्षणभर शेजारच्याच माणसापाशी थांबले.

"मामा," हैबती म्हणाला, "आता जातानं खोटं कशाला बोलू? आमी खाल्लं आसतं."

"काय?"

"घोड्याचं. पयल्याच दिशी. इठूदादा तर डेगीपतुर जाऊन म्हागारी आला. पोटात आग पडली तर कोन सोवळं बगतंय? पन भंडारा तुमी उचललेला. आमी घास घेतला, तर शबूद तुमचा मोडनार, आन् कोप चिमावर, तिच्या पोटातल्यावर. तेराजनांनी शपथ घेतली, सुभेदाराच्या लेकीवर काय येऊ द्यायचं न्हाई."

येसबा त्याच्या उशाशी बसले. "अरे, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर तुमी म्हनला आसता, खा."

ज्याला ते तेरा जणांचा धर्म समजत होते, ती त्यांच्याच घरावरची माया होती. पोरे त्यांच्या लेकीसाठी उपाशी मरत होती, आणि ते पोरांच्या धर्मासाठी त्यांना मरू देत होते. एका शब्दाने सुटली असती अशी गाठ त्यांनी दोन जीव जाईपर्यंत तशीच ठेवली होती. येसबा तिथेच, सगळ्यांदेखत, तोंडावर हात घेऊन रडले.

मग ते उठले. त्यांनी फेटा नीट बांधला, पदके पुसली आणि लंगरखान्यासमोर कंपनी उभी करवली. डेगीत मांस शिजत होते आणि साखरमाचीचे उरलेले दहा जण पहिल्या रांगेत होते. शत्रूचे बंदूकबाज समोरच्या काठावरून त्या उघड्या जागेवर नेम धरून असत, म्हणून तिथे कोणी फार वेळ उभे राहत नसे. येसबा मात्र ताठ उभे राहिले. त्यांनी कमरेची थैली सोडली आणि सगळा भंडारा जमिनीवर पालथा केला.

"गड्यांनो, कान देऊन ऐका. साखरमाचीच्या देवळात हा भंडारा येसबा मरळाने उचलला होता. आज, तुमच्यासमक्ष, तोच तो टाकून देत आहे. शब्द मी दिला, मीच मोडतो. खंडेराया, कोपायचे तर या देहावर कोप. लेकीबाळींकडे पाहशील तर तुझी-माझी सोयरीक संपली!"

देवाला असे दटावलेले त्या रांगेने कधी ऐकले नव्हते. येसबांनी डेगीत हात घातला, तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. पोटाने तो परत फेकला. त्यांनी दुसरा घेतला, डोळे मिटून चावला आणि गिळला. एक गोळी डेगीच्या काठाला घासून गेली, तरी ते हलले नाहीत. तिसरा घास घेऊन त्यांनी थाळी विठू खुटवडापुढे धरली. विठूने आधी वाकून त्यांच्या पायांना हात लावला, मग थाळी घेतली. त्याच्यामागे एकेक करत सगळी कंपनी आली.

येसबा वाटीभर रस्सा घेऊन धावत बाजारपेठेत गेले. हैबतीचे डोके मांडीवर घेऊन त्यांनी चमचा त्याच्या ओठांना लावला. "हैबतराव, शब्द मी मोडला. सगळे जेवले. आता तुम्ही घ्या."

हैबतीने त्यांच्या ओठांवरचा तेलकट ओलावा पाहिला. "मामा," तो पुटपुटला, "आज तुमी जावयाच्या आदी जेवलात."

एक चमचा आत गेला. दुसरा ओठांच्या कडेने बाहेर आला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, आणि त्यानंतर आठवड्याभरात तोफा फोडून, बंदुका नदीत टाकून सगळ्या डिव्हिजनने शरणागती पत्करली.

पुढची कथा वाळवंटातल्या कैदेची आहे. मैलोन्‌मैल चालत गेलेल्या त्या रांगेत जी माणसे पडली, त्यांना उचलायला मागे कोणी थांबले नाही. रस्सा पिऊन उभे राहिलेल्या दहांपैकी चौघे परत आले. पाचवे येसबा.

एकोणीसशे एकोणीसच्या फाल्गुनात ते साखरमाचीला पोचले, ते घरी न जाता थेट देवळात. गाव गोळा झाले. येसबांनी रिकामी थैली पितळी घोड्याच्या पायाशी ठेवली आणि काहीएक न लपवता सगळे सांगितले. आपल्या हाताने आपण घोडा खाल्ला, पोरांना खाऊ घातला. गावाने वाळीत टाकावे, दंड करावा, देवळाची पायरी बंद करावी, सगळे मान्य आहे, असे म्हणून त्यांनी मान खाली घातली.

गर्दीतून हैबतीची आई, तानूबाई शेडगे, पुढे आली. चिमा तिच्या मागे होती, आणि तानूबाईच्या कडेवर चिमाची तीन वर्षांची लेक. गालांनी गोबरी आणि अनोळखी माणसाच्या मिशा पाहून हसणारी. तानूबाईने तिला येसबांच्या पुढ्यात उभे केले.

"ही बगा, इवाई. हिला काय झालंया?"

येसबांनी नातीकडे पाहिले. शब्द मोडूनही तिला काही झाले नव्हते.

"तुमी शपथ मोडलीत त्याचा मला राग न्हाई," तानूबाई म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेला तिचा आवाज फुटला. "पन मोडायचीच व्हती, तर आठ दिस आदी का न्हाई मोडलीत, दादा?"

येसबांनी नातीला जवळ घेण्यासाठी हात पुढे केला, आणि अर्ध्यावरून तो मागे घेतला.