भिंतीकडची बाजू

इसवी सन १९४३च्या डिसेंबरात, जबलपूरहून खमरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बाबाराव हरदास यांच्या लॉजमध्ये माझे वास्तव्य होते. लॉज हा शब्द बाबारावांचा. वस्तुतः ती कौलारू खोल्यांची एक ओळ होती. युद्धामुळे तेथील दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती माणसे इतकी दाटली होती, की बाबाराव खोली न देता खाट देत, आणि तीही दोघांत मिळून. माझ्या खाटेवर दिवसा मुरलीधर निजे, कारण तो रात्रपाळीचा कामगार होता. रात्री मी निजे, कारण मी नकाशे काढीत असे आणि त्या कामाला उजेड लागतो. तो गेल्यावर मी खाणावळीत जेवून सावकाश परते. त्यामुळे आम्ही परस्परांचे तोंडही पाहिले नव्हते.

माझी पत्नी शैलजा तान्ह्या मुलीसह नागपुरास भावाकडे राहत होती. भावजयीने अलीकडे पिठाच्या डब्यालाही कुलूप घातले होते. मला खोली हवी होती, आणि साऱ्या शहरात ती मिळत नव्हती.

पहिल्याच रात्री बिछान्यात शिरलो, तेव्हा तो उबदार लागला. कापूस ऊब धरून ठेवतो, असा मी निर्णय केला. परंतु खोलीतला पितळी तांब्या हाताला झोंबण्याइतका गार होता, आणि मुरलीधर जाऊन बराच वेळ लोटला होता. मी बाबारावांना बिछाना गुंडाळून ठेवण्यास सांगितले. त्यांनी ठेवला. मी तो उलगडला, तेव्हा आतून तो नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंगासारखा उष्ण होता.

शिवाय ऊब सर्वत्र नव्हती. भिंतीकडच्या बाजूला, कुशीवर निजलेल्या माणसाच्या रुंदीएवढीच ती होती. मी आपण होऊन खाटेच्या कडेला निजू लागलो होतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

सुटीच्या दुपारी मुरलीधर प्रथमच समोर आला, तो रागातच.

"काहून जी, सकाळी ड्यूटीवर न जाता इथंच लोळून राहता काय? मी येतो तर बिछाना गरमच राहते."

नेमका हाच आरोप मी त्याच्यावर करणार होतो. मी त्याला माझ्या जाण्यायेण्याचा सविस्तर हिशेब दिला. त्याचा राग ओसरला. पण चेहरा सुधारला नाही.

"तुम्ही कोणत्या बाजूनं झोपता?" त्याने हळूच विचारले.

"कडेला."

"मीही," तो म्हणाला. "कडेनं पडाले होते नं. पण तिकडं सरकवतच नाही."

आम्ही बिछाना काढला. ज्या कडेला आम्ही दोघे निजत होतो, तेथील नवारीच्या पट्ट्या ताठ होत्या. भिंतीकडे मात्र खोल झोळ पडला होता. आम्ही नवार उसवून पुन्हा ताणून विणली. बाबाराव दारातून पाहत होते. येथे पूर्वी कोणी गेले काय, असे मी विचारले. इमारत नवी, खाट नवी, असे त्यांनी शपथेवर सांगितले. आपल्या लॉजात अजून मरायला कोणाला सवडच झालेली नाही, अशी पुस्तीही जोडली.

चहा पिऊन परतलो, तो झोळ पूर्ववत् होता.

मुरलीधरने त्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ट्रंक उचलून तो रांझीला चुलतभावाच्या ओसरीवर राहायला गेला. डिसेंबरात, ओसरीवर.

अशा रीतीने ती एका खाटेची खोली सबंध मला मिळाली. उबेने अद्याप कोणाचे वाईट केलेले नव्हते. भावजयीने केले होते. हा युक्तिवाद मला निर्दोष वाटला. मी शैलजेला बोलावून घेतले.

ती दुपारच्या गाडीने आली. मी तिला काहीही सांगितले नाही. मुलीला अलीकडच्या बाजूला निजव, एवढेच सुचवले.

"अहो, पडेल नं ती," शैलजा म्हणाली, आणि तिने मुलीला भिंतीकडे निजवले.

प्रवासभर रडत आलेली मुलगी तत्क्षणी गप्प झाली.

तिने भिंतीकडे तोंड वळवले.

तिचे ओठ पुढे झाले आणि चोखू लागले.

शैलजा पाहत राहिली. मग तिने मुलीला अलगद उचलून खांद्याशी धरले. मोकळ्या हाताने तिने गोधडी भिंतीकडच्या रिकाम्या जागेवर ओढली, कडा नीट खोचल्या आणि समोरच्या कोपऱ्यात चटई अंथरली.

"आपण खाली निजू," ती म्हणाली. "खाट रिकामी नाही."